बांगड्यांसकट हात जाईल एवढी खिडकी

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार
मळ्यातून

कागदावर 'चोरी' हा शब्द लिहिताना तुझा हात थांबला नाही? माझी दुसरीपर्यंतची शाळा, जोडाक्षर आलं की मला घाम फुटतो. तरी एवढं कळतं की तोंडातून गेलेलं वाऱ्यावर जातं आणि कागदावर गेलेलं फायलीत जाऊन बसतं. तू सोळा वर्षं शिकलीस आणि नेमकं तेवढंच शिकायचं राहिलं.

चि. शुभांगी, आता आशीर्वाद घे. आधी देणार नव्हते.

तुझ्या विद्यापीठाचं पत्र सोसायटीत आलं. सेक्रेटरीनं ते चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचलं, कारण त्याला मनात वाचता येत नाही. 'प्रयोगाच्या चाळीत सुमारे चार क्विंटल कांदा कमी भरला असून राखणदार शफी यांच्याकडून हयगय अथवा चोरी झाल्याची शक्यता आहे.' खाली तुझी सही. सही मात्र वळणदार आली आहे.

शफी तिथंच उभा होता. त्यानं हातातला चहा पुरा प्याला, कप विसळून ठेवला आणि घरी गेला. त्या दिवसापासून तो गावात दिसलेला नाही.

तो कोण ते तू विसरली असशील तर सांगते. चाळीस वर्षं लासलगावच्या मार्केटात मापारी होता. ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर कांदा त्यानं तोलला. आडते शेतकऱ्यांना शिव्या द्यायचे, शेतकरी आडत्यांना, पण शफीच्या काट्याला कुणी नाव ठेवलं नाही. सोसायटी यंदा नवा तोलकाटा घेते आहे आणि त्यावर शफीच बसणार हे ठरलेलं होतं. आता चेअरमन म्हणतो, "वीस डिसेंबरच्या मीटिंगला बघू. तोवर विद्यापीठानं शब्द मागं घेतला तर शफी, नाय तर दुसरा माणूस." म्हातारपणी चोर म्हणून काट्यावरून उठवायचं, तेही काट्यावर बसायच्या आधी.

तुझा राग कशावर आहे ते मला माहीत आहे. तुझी चाळ हरली.

मे महिन्यात तुम्ही लोक आलात आणि माझ्या बांधावर कांदा साठवायच्या दोन चाळी उभ्या केल्यात. एक विद्यापीठाची. विटांच्या पायावर उचललेली, खालून वारा, वर कौलं, बाजूंना जाळी. दुसरी आमच्या पद्धतीची. तुराट्यांचा कूड, वर उसाचं पाचट. दोन्हीत माझ्याच वाफ्यातला कांदा, विद्यापीठानं विकत घेतलेला. कुठल्या चाळीत कमी सडतो ते बघायचं आणि त्यावर तू तुझा प्रबंध लिहायचा. राखायला शफी. तू दोन्ही चाळींभोवती चुन्याची रेघ मारलीस आणि आम्हा बायकांना म्हणालीस, "या रेघेच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही." मी म्हटलं, "माझ्याच बांधावर मला बंदी?" तर म्हणालीस, "आजी, इथं मी तुझी नात नाही." बरं बाई.

दर पंधरा दिवसांनी येऊन सडलेला कांदा मोजायचीस. तुमच्या चाळीतून पाट्याच्या पाट्या निघायच्या, आमच्या चाळीतून दोन-चार. गणपतीत तुझे मोठे सर आले, मला नारळ आणि शाल दिली आणि 'पारंपरिक ज्ञान' असं काहीतरी म्हणाले. ती शाल पांघरून मी वत्सलाबाईच्या दारावरून तीनदा गेले. भर ऑगस्टात. घाम निथळत होता.

आणि ऑक्टोबरात चाळी रिकाम्या केल्यावर आमच्या चाळीत चार क्विंटल कमी? सुकला असेल. उंदरांनी नेला असेल. मला काय विचारतेस? रेघेच्या आत मी पाय ठेवलेला नाही. पायाबद्दल खंडोबाची शपथ घ्यायला मी तयार आहे.

दिवाळीला आली नाहीस. तुझा बाप नाशिक रोडहून एकटाच आला. तो नोटांच्या प्रेसमध्ये काम करतो, कागदाला किती जपावं लागतं ते त्याला विचार.

पत्र मागं घे.

गोजराबाई


१४ नोव्हेंबर १९९८
मळ्यातून

'आजी, वजन खोटं बोलत नाही. तू यात पडू नकोस.' दोन ओळींसाठी अख्खं कार्ड घातलंस. उरलेल्या जागेत तब्येत विचारली असतीस तर पोस्टानं जास्त पैसे मागितले नसते.

वजन खोटं बोलत नाही हे खरं. पण वजन सगळं बोलतही नाही.

काल जहिदा आली होती. शफीची बायको, तू तिच्या हातच्या शेवया खाऊन मोठी झालीस. दारातच उभी राहिली, बसली नाही.

"आक्का, तुमच्या नातीनं माझ्या माणसाला कांदाचोर केलं. चोरायचंच असतं तर चाळीस वर्षं मार्केटात माश्या मारल्या का त्यानं? तिथं तर डोंगर पडलेले असतात."

"आत ये, चहा घे."

"चहा नको. एक सांगा, याला घेऊन कुठं जाऊ? घरात बसून माझे डबे तोलतो. काल साखर तोलली. म्हणे जहिदा, दुकानदारानं तोळाभर कमी दिली. आज सकाळी मीठ. उद्या मला बसवंल काट्यावर."

"तुला तोलायला मार्केटचा काटा लागंल."

हसली थोडी. मग आत बघून म्हणाली, "आक्का, पावसाळ्यात तुमच्याकडं रोज कांद्याचीच भाजी असायची, नाय?"

"मग कांद्याच्या गावात काय सफरचंदाची भाजी करू?"

पायरी उतरता उतरता वळली. "वत्सलाबाईकडं पण रोज तीच. नवसाबाईकडं पण," म्हणाली आणि निघून गेली. जहिदाचं नाक लय लांब आहे.

यंदा कांदा टीव्हीवर दिसायला लागला. सिनेमातल्या बाईसारखा त्याचा भाव रोज सांगतात. म्हणून चार क्विंटल ऐकलं की लोकांचे डोळे मोठे होतात. मे महिन्यात एवढा कांदा कुणी फुकट घेतला नसता.

तुझ्या पुस्तकात बघून मला एक सांग. समजा, चाळीतला कांदा कुणी काढला. चांगला नाही, सडायला लागलेला. एक सडला की शेजारच्या चौघांना नासवतो, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तर तसला एखादा कुणी वेळेवर उचलला, तर त्याला तुमच्यात चोरी म्हणतात का? समजा म्हणते आहे. माझं आपलं ज्ञान वाढावं म्हणून विचारते.

याचं उत्तर कार्डावर देऊ नकोस. गावचं टपाल सोसायटीतूनच जातं-येतं, सेक्रेटरी वाचतो.

आजी


२९ नोव्हेंबर १९९८, रविवार
मळ्यातून

उत्तर आलं नाही. आता मीच सांगते. जेवता जेवता वाचू नकोस, ठसका लागेल.

कांदा मी काढला. मी, वत्सलाबाई, नवसाबाई आणि सखुबाई. जूनपासून दसऱ्यापर्यंत, जवळजवळ रोज सकाळी.

गोठ्याकडं जायची आमची वाट चाळीवरूनच जाते. पाऊस लागला की चाळीचा वास बदलतो. तुला ते कळायचं नाही, तू पंधरा दिवसांनी येतेस. सडायच्या आधी कांदा गोडसर वास सोडतो. तो आला की बाईचा हात थांबत नाही. रेघ तू चाळीपासून हातभर लांब मारली होतीस. आम्ही रेघेच्या बाहेर पाय रोवायचो, वाकायचो, तुराट्या फाकवायच्या, हात आत. बोटांना मऊ लागला की काढला बाहेर. तुराट्या आपोआप मिटतात. चाळ चार फूट रुंद. इकडून मी आणि पलीकडून वत्सलाबाई उभी राहिली की मधला कांदा सुटत नाही. सखुबाई ठेंगणी, तिचा तोल जायचा, म्हणून नवसाबाई तिचा पदर धरून ठेवायची. पण पाय एकीनंही आत टाकला नाही. तू पायाचंच बोलली होतीस.

तुमच्या चाळीतून पण वास येत होता. जीव नुसता तळमळत होता. पण त्या जाळीतून बोटसुद्धा जात नव्हतं. तर आता कळलं का, तुमच्या चाळीत पाट्या का निघाल्या आणि आमच्यात का नाही? तू दर पंधरा दिवसांनी आमच्या चाळीतली सड मोजायचीस, आणि सड आधीच भाजीत गेलेली असायची.

काढलेल्यातला नासका भाग उकिरड्यावर, चांगला भाग पातेल्यात. टाकायचा कसा? आणि ऑगस्टात मी तुला होस्टेलवर काळ्या मसाल्याचा डबा धाडला होता, आठवतो? तू लिहिलं होतंस, मैत्रिणींनी आठ दिवसांत चाटूनपुसून खाल्ला. त्यात भाजलेला कांदा कुठला होता म्हणतेस? तुझा प्रबंध तू भाकरीबरोबर खाल्लास, बाई.

मग आधी का नाही बोलले? शाल. दुसरं काही नाही. आमची चाळ जिंकली, मला नारळ मिळाला, आख्ख्या गावात मी मिरवले. आता म्हणायचं की चाळ जिंकली नाही, चार म्हाताऱ्यांनी मागून हात घातला? म्हणून उंदरांवर ढकललं. उंदरांची माफी मागायची गरज नाही, पण शफीची होती.

काल त्याच्या घरी गेले. तो ओट्यावर बसून जहिदाची डाळ तोलत होता.

म्हटलं, "शफी, तुला माहीत होतं?"

"आक्का, मापारी हाय मी. ढीग बसला की डोळ्याला कळतं. आन् तुमी चौघी रोज सकाळी चाळीला मिठी मारून उभ्या. मी काय आंधळा हाय?"

"मग बोलला का नाय?"

"कुणाला बोलू? पोरीला सांगावं तर तुमची शाल जाती. तुमाला सांगावं तर तुमचं तोंड, कोण पुढं उभं राहतंय? आन् खरं सांगू का, सडका काढणाऱ्याला मी चोर म्हणत नाय. काढलेला तोलून लिहून ठेवायला पायजे होता. तेवढं माझं चुकलं."

"आता सांग की सोसायटीत जाऊन."

"मी नाय सांगनार. मी सांगितलं तर लोक म्हणतील, सुटायसाठी म्हाताऱ्या बायांवर ढकललं. तुमची गोष्ट, तुमी सांगा."

आतून जहिदा ओरडली, "तुमी दोघं एकमेकांचा मान ठेवीत बसा. मी जाते टपरीवर आन् भोंगा लावून सांगते!"

तिनं भोंगा लावायच्या आधी मीच गेले. टपरीवर चेअरमन होता, सेक्रेटरी होता, निम्मं गाव होतं. सगळं सांगितलं. हसले. दात काढून हसले. मीही हसू दिलं, मला मिळालंय ते मीच मिळवलं होतं. हसून झाल्यावर चेअरमन म्हणतो, "आजी, तुमचं बरोबर हाय, पण विद्यापीठाचा कागद फायलीला लागलाय. तोंडी कसं चालंल? कागदाला कागद पायजे."

म्हणजे तुझा.

हे पत्र मोठ्या सरांना दाखव. तुझं वर्ष जाईल का ते मला माहीत नाही. गेलं तर माझ्यामुळं गेलं, मी नाही म्हणणार नाही. पण एका पारड्यात तुझं एक वर्ष ठेव आणि दुसऱ्यात शफीची चाळीस, आणि काटा कुठं झुकतो ते तूच बघ. वजन खोटं बोलत नाही म्हणणारी तू.

गोजराबाई


३० नोव्हेंबर १९९८
(कार्ड)

कालच्या पत्रात एक राहिलं. वत्सलाबाईच्या शेळीनंही खाल्ला. रोज दोन-तीन. खरं लिहायचं तर सगळंच लिहावं. सेक्रेटरीसाहेब, वाचून झालं असेल तर पुढं जाऊ द्या.

आजी


१३ डिसेंबर १९९८, रविवार
मळ्यातून

तुझे सर येऊन गेले. गुरुवारी जीप आली. मला वाटलं तू असशील, म्हणून शिव्या तयार ठेवल्या होत्या. सर एकटेच उतरले, शिव्या वाया गेल्या.

म्हणाले, तू खोलीतून बाहेर येत नाहीस, कुणाला तोंड दाखवत नाहीस. कसलं गं तोंड एवढं? मी भर ऑगस्टात शाल पांघरून गावभर हिंडलेली बाई. लपवायचं तर माझ्याकडं जास्त आहे.

मी आधी शाल आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "घेऊन जा. ही खोटी मिळाली." ते घेईनात. मी घेईना. शेवटी वत्सलाबाई म्हणाली, "कशाला भांडताय? चौघींची हाय ती. थंडी पडलीये, आळीपाळीनं पांघरू." तर या आठवड्यात ती नवसाबाईकडं आहे.

मग सर बांधावर बसले, खाली मातीतच, आणि विचारलं, "आजी, हे तुम्ही कधीपासून करता?"

"सासूनं शिकवलं. तिला तिच्या सासूनं."

"मग मे महिन्यात आम्ही एवढं विचारत होतो, तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं, चाळ कशी बांधतात. गड्यांना विचारलं, गड्यांनी सांगितलं. चाळ गडी बांधतात. कांदा बायका राखतात. बायकांना तुमी विचारलं नाय, चुन्याची रेघ तेवढी दाखवली."

सरांनी पिशवी उघडली. मग वही काढून मी बोलले ते तसंच्या तसं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, 'तेवढी' राहिलं. त्यांनी 'तेवढी' घातलं. तुझे सर वाईट नाहीत. तू त्यांना घाबरतेस ते उगीच.

पण शिकलेला माणूस, नुसत्या तोंडावर विश्वास ठेवतो होय? म्हणाले, परीक्षा घेऊ. बारा गोण्यांत चांगला कांदा भरला, दोन गोण्यांत मधोमध एकेक सडका लपवला आणि गोण्या शिवून टाकल्या. आम्ही तोवर गोठ्यात. मग एकेकीला बोलावलं. मी दोन्ही ओळखल्या. नवसाबाईनं ओळखल्या. सखुबाईला सर्दी होती, ती म्हणाली, माझी परीक्षा ऑक्टोबरात घ्या. वत्सलाबाईनं मात्र तीन गोण्यांवर हात ठेवला.

सर म्हणाले, "बाई, दोनच आहेत. तिसरीत आम्ही ठेवलेला नाही."

"तुमी ठेवला नसंल. पर त्यो हाय."

"अहो, मी स्वतः भरलीय गोणी."

"मग सोडा की. सुतळी माझ्या पदरची देते."

गोणी सोडली, ओतली. तळाला एक निघाला, बाहेरून चकचकीत, आतून काजळी धरलेला. सरांनी तो कापून हातावर घेतला आणि बघत राहिले. आणि गंमत म्हणजे हरलेल्या माणसासारखं तोंड नव्हतं त्यांचं. जत्रेत हरवलेलं पोर सापडावं तसं झालं होतं. म्हणाले, "आम्ही पाच महिने विटा आणि जाळी मोजत होतो. मोजायचं होतं ते नाक आणि हात."

वत्सलाबाई चार दिवस झाले जमिनीवर नाही. तिचं नाक आता जहिदाच्याही पुढं गेलं.

मीही मग खरं ते बोलले. तुमच्या चाळीत खालच्या थराला कोंब नव्हते. आमच्यात खालचा थर ओल धरतो आणि तिथवर हात पोचत नाही. दर वर्षी तेवढा कांदा आम्ही सोडूनच देतो, नशिबाचा म्हणून. तो नशिबाचा नव्हता, जमिनीचा होता, हे तुमच्या विटांनी दाखवलं. आता ते कबूल करायला मला कसला जोर पडतो? पडला थोडा. पण केलं.

तर ठरलं असं, की येत्या मेमध्ये नवी चाळ. जोतं आणि कौलं तुमची. बाजू तुमच्या जाळीची, पण त्यात हात-हात अंतरावर खिडक्या, बायकांनी सांगितलेल्या मापाच्या. शेजारी तशीच दुसरी चाळ, तिला कुणी हात लावायचा नाही. खरोखरच लावायचा नाही, वास आला तरी. सर म्हणाले, दोन्ही बघितल्याशिवाय हातानं किती वाचलं ते कळणार नाही. मी म्हटलं, कळतं मला, पण तुमच्या पुस्तकाला कळायला पाहिजे असेल तर आम्ही नाकाला पदर लावून जाऊ. वत्सलाबाईची शेळी बांधून ठेवायचं कबूल झालं आहे.

खिडकीचं माप घ्यायला सरांनी पट्टी काढली. माझं मनगट मोजलं, लिहिलं. वत्सलाबाई म्हणाली, "तिचं काय मोजताय? तिचा हात मोकळा. माझं मोजा, बांगड्यांसकट."

सर म्हणाले, "बांगड्या काढून हात घातला तर खिडकी लहान चालेल. कांदा बाहेर पडायची भीती राहणार नाही."

"धनी जित्ता हाय माझा, साहेब! तुमच्या कांद्यापायी बांगड्या उतरवू व्हय?"

जीपचा ड्रायव्हर हसून हसून स्टेअरिंगवर पडला. सरांचे कान लाल झाले. माप बांगड्यांसकट, मुठीत कांदा धरून घेतलं, आणि खिडकीला वरून पडणारी फळी लावायची सूचना नवसाबाईनं केली, म्हणजे कांदा बाहेर येणार नाही. सरांनी वहीत चित्र काढलं. चित्राखाली आमची चौघींची नावं लिहून घेतली, आडनावांसकट. सखुबाईला तिचं आडनाव आठवायला थोडा वेळ लागला, तिला गेल्या तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

आणि काढलेला प्रत्येक कांदा पातेल्यात जायच्या आधी तोलायचा, लिहायचा. कोण तोलणार, सरांनी विचारलं. आम्ही चौघी एकदम बोललो: शफी. नाही तर चाळ बांधू नका.

तुझं म्हणशील तर, वर्ष जात नाही. सर म्हणाले सहा-आठ महिने लांबेल. नवा प्रयोग तुझ्याच नावावर, मांडायचा तूच. चुना आणू नकोस.

आता मुद्द्याचं. सर शफीच्या घरी गेले, मी बरोबर होते. ओट्यावर बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "शफीभाई, आमची चूक झाली. तक्रार मागं घेतल्याचं पत्र मी आजच लिहून देतो, विद्यापीठाच्या शिक्क्यानं."

शफीनं डोकं हलवलं. "साहेब, तुमी मोठे, तुमची मेहेरबानी. पर सही तुमची नव्हती. मार्केटात आमचा नेम हाय. ज्यानं वजनाची पट्टी लिहिली त्यानंच खोडायची. दुसऱ्यानं खोडली तर ती खाडाखोड झाली."

सर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघता? मी याच्याच बाजूची."

जहिदा म्हणाली, "या माणसाला शिक्का चालत नाय, साहेब चालत नाय. वीस तारखेला काटा गेला तर जन्मभर माझी डाळ तोलंल हा." बोलली हसत, पण पाठ फिरवून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

वीस तारखेला सात दिवस आहेत. पत्राला तीन दिवस लागतात, मनमाडला अडकलं तर चार. म्हणजे हे पत्र हातात पडल्याबरोबर बसायचं. खरं काय झालं ते लिहायचं. कांदा बायकांनी काढला, तू विचारलं नाहीस, आणि न विचारता माणसाचं नाव लिहिलंस. मोठे शब्द नकोत. दिलगिरी-बिलगिरी छापील वाटते, 'माझं चुकलं' लिही. सही पुरी कर, तीच वळणदार. त्याची एक प्रत सोसायटीच्या फायलीला.

मला उत्तर पाठवू नकोस. आलं तर न फोडता परत धाडीन. सरांकडून निरोप नको, बापाकडून फोन नको. उत्तर शफीला लिहायचं, आणि तूच लिहायचं. पाकिटावर त्याचं नाव पुरं घाल, नावापुढं 'मापारी' लिही. आणि खाली 'आजीला नमस्कार' म्हणून मला त्यात घुसवू नकोस. त्या कागदावर दोनच नावं पाहिजेत, त्याचं आणि तुझं.

गोजराबाई